तोरणाचं शेवटचं टोक

भातसानगर,
२४ नोव्हेंबर २०२४

सौ. भाग्यश्री,

आशीर्वाद. अनिलने आणलेले नवे तांदूळ आणि पिशवीतलं सगळं पोचलं. इकडे क्वार्टरमध्ये आम्ही ठीक. ह्यांची धरणावरची पाळी बदलली, एवढंच नवीन. तुझ्या बोटाला विळा लागला होता, ती जखम भरली का?

फोन केला असता तर एवढं विचारून ठेवला असता. म्हणून लिहिते.

आजीच्या वर्षश्राद्धाला तू तांदळाच्या भाकऱ्या केल्यास, वालाचं बिरडं केलंस. काका म्हणाला, "आयचाच हात गो." मी म्हटलं, मीठ कमी आहे. मीठ कमी नव्हतं.

अनिलशी लग्न होऊन आलीस तेव्हापासून तू तिच्याजवळ. तिची वेणी घातलीस, शेवटी भरवलंस. आम्ही नातवंडं तिला आजी म्हणायचो, तू मात्र आये म्हणायचीस. आणि तिच्या शेवटच्या गणपतीत मी दारात उभी राहिले, तर ती तुला काय म्हणाली, आठवतं? "पावनी आली, च्या टाक गो." सगळे हसले. मीही हसले. त्या घरात मी जन्मले, भाग्यश्री.

तर पिशवीतलं ते तोरण. भाताच्या लोंब्यांचं, आजीने गेल्या कापणीला विणायला घेतलेलं आणि अर्ध्यातच राहिलेलं. सोबत नव्या लोंब्यांची जुडीही बांधून दिलीस. अनिल म्हणाला, "ती बोलली, ताईना दे. माझी वीण उलटी जाते, आये ओरडेल." मला तो टोमणा वाटला. कित्येक वर्षांत मी लोंबी वळलेली नाही, हे तुला ठाऊक आहे. तोरण दिवाणाखाली ढकलून दिलं.

काल काढलं. लोंब्यांचे देठ भिजवून बसले, तर डावा हात पुढे गेला. एरवी मी उजवी. पण आजी डावखुरी, आणि मी लहानपणी तिच्या मांडीला मांडी लावून, तिच्या हाताकडे बघत शिकले. तू समोर बसून उजव्या हाताने शिकलीस, म्हणून तुझी वीण उलटी फिरते. म्हणजे तुला शिकवताना ती तुझ्या तोंडाकडे बघत होती. हेही कालच लक्षात आलं, आणि पुन्हा जळले.

पण वीण जुळली. करड्या लोंब्या संपतात, पिवळ्या सुरू होतात, एवढाच फरक. वाटलं, हे तुला जमणार नाही. फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पुरं करून माझ्याच दाराला लावायचं ठरवलं होतं.

शेवटचं टोक मात्र विणवेना. तिचं शेवटचं सगळं तू केलंस.

अनिलबरोबर परत पाठवते. टोक तू वीण, तुझ्याच हाताने, उलटं जाईल तसं. सरळ करायला जाऊ नकोस. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू दे, आजी कुठे थांबली, कुठपर्यंत मी आणि कुठून तू. ते वेगळं दिसायला हवं, असं मला अजून वाटतं.

पुढच्या महिन्यात येईन. त्या दिवशी चहा मी टाकेन. तू बसून राहा.

त्याच घरची,
शीतल