दोन काठांना दोन माइक

माय,

शनिवारी, सात तारखेला, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी तुझ्यावर आरोप झाला. माझ्याच घरात, जळगावात, मी स्वतः निवडून आणलेल्या माइकमध्ये. वेळ अंदाजाने लिहीत नाही, कॉम्प्युटरवर नोंद आहे. नरडाण्याजवळच्या तुझ्या माहेरी दर अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, तू नदीच्या या काठावरून जिच्याशी गाण्यातून भांडायचीस, ती पलीकडच्या काठावरची मावशी आता इथे लेकाकडे राहते. शहाऐंशी वर्षांची आहे. दात नाहीत, आवाज मात्र काचेला चरा पाडेल असा. ती म्हणाली, "शेवटना सालले तुनी माय चूप व्हई गयी. आमी जिकनूत." तू गप्प बसलीस? तू?

आता पहिल्यापासून सांगते, कारण तू जाऊन बावीस वर्षं झाली आणि मधल्या काळात जग बदललंय. आखाजीला काठावर उभ्या राहून पलीकडच्या पोरींना गाण्यातून शिव्या घालणं आता कुणाला येत नाही. तुमच्या दोघींची ती भांडणं दोनच डोक्यांत उरली होती, मावशीच्या आणि माझ्या. मावशीचं वय बघता ती गाणी उन्हाळ्याआधी उतरवून घ्यायची मी ठरवलं. त्यासाठी माइक आणि कॉम्प्युटर यांच्या मध्ये एक डबी लागते. ऑडिओ इंटरफेस म्हणतात, अर्धा किलो पेढ्यांच्या खोक्याएवढी असते. दुकानात गेले, तर दुकानदार माझे पांढरे केस बघूनच बोलायला लागला. "आंटी, भजन ना? एका माइकवाली घ्या. तुम्हाला भरपूर झाली."

"भजन नाही, शिव्या," मी म्हटलं. "दोन बायका एकमेकींना देणार आहेत."

"मग एकच माइक मध्ये ठेवा की."

"मध्ये नदी आहे."

मग मी त्याला नीट समजावलं. या भांडणात कुणी कुणाचं संपायची वाट पाहत नाही. दोघींचा आवाज एकाच माइकमध्ये गेला, तर जिचा चढा तीच उरणार. मला दोघींचे आवाज वेगवेगळे उतरायला हवेत, प्रत्येकीचं बटण स्वतंत्र हवं. त्याने लगेच लुकलुकत्या दिव्यांची एक मोठी डबी काढली. मी विचारलं, "हेडफोनमध्ये आवाज थेट येतो, की कॉम्प्युटरला वळसा घालून?" त्याला माहीत नव्हतं. माय, मी तेहतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून बसले. परदेशी कॉलमध्ये आवाज उशिरा पोचायचा, "हॅलो"वर "हॅलो" आदळायचं, नवरा-बायको विनाकारण भांडायची. टोमणा अर्धा सेकंद उशिरा आला की शिळा होतो. त्या डब्यांचं माहितीपत्रक मी तिथल्या स्टुलावर बसून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. शेवटी साधी, राखाडी रंगाची डबी घेतली. माइक दोन, हेडफोनही दोन, आणि आवाज थेट कानात. तो भारीचा नाजूक माइक दाखवत होता, पण तो रस्त्यावरच्या रिक्षासुद्धा टिपतो, म्हणून स्टेजवरचे साधे दोन उचलले. निघताना दुकानदार म्हणाला, "आंटी, तुम्ही स्टुडिओत होता का?" मी म्हटलं, "त्याहून वाईट ठिकाणी."

मावशीला बाहेरच्या खोलीत बसवलं, मी स्वयंपाकघरात बसले, मधलं दार लावून घेतलं. तुझी बाजू मी गायले. मला कशी येते, असं विचारशील. धुळ्याचं घर आठव. कॉन्व्हेंटला आखाजीची सुट्टी नाही. मी नऊ वर्षांची, शाळेतून येते, तू खापरावर पुरणाचा मांडा टाकतेस आणि गातेस, आणि मी दप्तर न ठेवताच खिडकी लावून घेते. "हे घाणेरडं आहे, सिस्टर म्हणतात." तू माझ्याकडे बघतेस, रागावत नाहीस. "तू इंग्रजी शिक. हाई तुना कामनं नई शे." त्यानंतर तू हळू गायला लागलीस. मी पुस्तक उघडं ठेवून एकूण एक ओळ पाठ केली. शनिवारी पाऊण तास मी तुझी एकही ओळ चुकले नाही. हेडफोनमध्ये मावशी ओरडली, "कॉन्व्हेंटनी पोर शिव्या बऱ्या देस वं!" मी मेडल मिळाल्यासारखी ताठ बसले.

आणि मग तिने ती ओळ सोडली. "तुना नवरा कारकून, कागद खास नि शाई पेस!" कागद खातो नि शाई पितो म्हणे, बाबांवर. तहसील कचेरीत आयुष्यभर मान मोडून लिहिणाऱ्या माझ्या बाबांवर! याचं उत्तर तू स्वयंपाकघरात कधीच गायली नव्हतीस. पडद्यावर मावशीची रेघ उड्या मारत होती आणि माझी सपाट. "दख," ती हसली, "तुनी माय बी आशीच उभी राह्यनी व्हती." आणि लगेच तो आरोप.

मला हे मान्य नाही. तुझं लग्न नुकतं झालं होतं. बाबा तुला न्यायला येऊन काठावरच उभे होते का, आणि तू लाजलीस? की उत्तर दिलंस आणि वाऱ्याने ते पलीकडे जाऊ दिलं नाही? मावशी गुरुवारी दुपारी चारला पुन्हा येणार आहे. ती जागा मी रिकामी ठेवणार नाही.

हे पत्र टाकायला पेटी नाही, ते मला कळतं. एक कबूल करते. चार दिवस खपून मी एक उत्तर जुळवलंय: "कागद खास, त तुना बापना सातबारा त्यानाच पोटमा शे!" मावशीला सांगणार आहे की हे तुझंच, तिला तेव्हा ऐकू गेलं नाही. सिस्टरांना ही लबाडी चालली नसती. तुझ्याकडे याहून जहाल काही असेल तर कळव. लेखी, आणि गुरुवारी चारच्या आत.