पहिला घास

२ फेब्रुवारी, गुरुवार

आज नव्या कामावर रुजू झाले आणि चक्क खुशीत आहे. उभं आयुष्य वॉर्डात मेट्रनची बोलणी खाण्यात गेलं. आता एकच पेशंट, एकच घर आणि झोपायला स्वतंत्र खोली. खोलीला खिडकी, खिडकीला पडदा आणि पडद्याचे सगळे हूक जागच्या जागी. इस्पितळातून बाहेर पडलेल्या नर्सला याहून जास्त सुख झेपणार नाही.

पेशंट म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. अख्खी गल्ली त्यांना हेडसर म्हणते, त्यांची बायकोसुद्धा. बायकोला सगळे बाई म्हणतात, कारण त्याही त्याच शाळेत शिकवायच्या. मुलगा कारखान्यात इंजिनिअर आहे. दुपारी जेवायला घरी येतो, मान खाली घालून जेवतो आणि तशीच मान खाली घालून परत जातो. त्याची बायको गेल्या वर्षी वारली, एवढं मला कामाला लावणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. मी काही विचारलं नाही. पहिल्याच दिवशी दुखऱ्या जागेवर बोट कशाला ठेवायचं?

या घरात जेवणाची एक शिस्त आहे. सगळे टेबलाशी बसले की हेडसर पेपर उघडतात, बातम्या मोठ्याने वाचतात, प्रत्येकीवर मत देतात आणि मग पहिला घास घेतात. तोवर कुणी चमच्याला हात लावायचा नाही. ते उठेपर्यंत कुणी उठायचंही नाही. रविवारी पुरवणी असते, त्यामुळे भात पार गार होतो, असं बाई हसत हसत म्हणाल्या. मला गंमत वाटली. मी आजवर उभ्याने डबा खाल्लेली बाई, मला हा थाट आवडलाच.

५ फेब्रुवारी, रविवार

हेडसरांची साखर तीनशेच्या वर. सून गेल्यानंतर थोड्याच दिवसांत दुखणं सुरू झालं आणि इन्सुलिनपर्यंत जाऊन पोचलं. लक्षणं अगदी पुस्तकातल्यासारखी. तांब्यामागून तांब्या पाणी पितात, सारखे बाथरूमच्या वाऱ्या करतात, दिवसभर गळून गेल्यासारखे पडून असतात. पायाच्या बोटाची जखम भरता भरत नाही. डोळ्यांपुढे धूसर दिसतं, पण कबूल करतील तर शपथ. हल्लीच्या छापखान्यांना शाईचं वावडं आहे, असं म्हणून पेपरवाल्याला शिव्या देतात.

मी कारण शोधून काढलं. बाई रोज पोटाच्या एकाच जागी सुई टोचत होत्या, कारण तिथे त्यांना दुखत नाही. दुखणार कसं? तिथे लिंबाएवढी गाठ झालीय. तिथे टोचलेलं औषध रक्तात नीट जात नाही, म्हणून डोस वाढवूनही साखर चढलेलीच. जागा बदलून दिल्या आणि डॉक्टरीणबाईंना फोन करून डोस कमी करून घेतला.

दुसरं म्हणजे पेपर. हेडसरांना बजावून सांगितलं की सुई जेवण समोर आल्यावर मिळेल, आणि सुई घेतली की लगेच जेवायचं. पेपर नंतर. त्यांचा तोंडाळपणा ऐकून होते, त्यामुळे मीही पदर खोचूनच उभी होते. पण त्यांनी मुकाट्याने पेपरची घडी केली. बाई एकदम उठून स्वयंपाकघरात गेल्या. मला वाटलं, आनंद झाला असेल.

१० फेब्रुवारी, शुक्रवार

साखर ताळ्यावर आली. हेडसर आज गेटपर्यंत चालून आले आणि येताना माळ्याच्या व्याकरणाच्या चुका काढल्या, म्हणजे तब्येत सुधारतेय. आता उलट बाजूलाही लक्ष ठेवायला हवं. बाईंना समजावलं, की साखर चढते ती हळूहळू, पण उतरते ती बघता बघता. दरदरून घाम, हाताला कंप, छातीत धडधड, कडकडून भूक, विनाकारण चिडचिड, मग असंबद्ध बडबड. यातलं काहीही दिसलं की आधी साखरपाणी द्यायचं, प्रश्न नंतर विचारायचे. आणि शुद्ध गेली असेल तर तोंडात काही ओतायचं नाही, ठसका लागून जीव जातो.

बाई ऐकत होत्या आणि टेबलाकडे बघत होत्या. टेबलावर साखरेचं काचेचं भांडं कायम असतं. ते त्यांनी दोन्ही हातांनी उचललं आणि परत जिथल्या तिथे ठेवलं. कळतंय ना, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "आता कळून काय उपयोग, सिस्टर!"

१४ फेब्रुवारी, मंगळवार

आज हेडसरांची साखर एकदम घसरली. सुई दिली, ताट वाढलेलं होतं, मी हात धुवायला आत गेले. परत आले तर माणूस घामाने निथळतोय आणि घास ताटात तसाच. साखरपाणी पाजलं, थोड्या वेळाने साखर पुन्हा तपासली, मग भात भरवला. सावरले. जेवला का नाहीत असं विचारलं, तर माझ्यावरच डाफरले की सगळे बसले नव्हते. सगळे बसले होते. बाई होत्या, मुलगा होता. फक्त भिंतीला लावलेली पाचवी खुर्ची रिकामी, आणि ती तर मी आल्यापासून रिकामीच आहे.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

पुन्हा तेच. कारणं एकेक करून तपासली. डोस बरोबर आहे, मी स्वतः भरते. औषधाची बाटली नवी. चालणं जास्त झालेलं नाही, उलटी-जुलाब नाहीत, दारूचा तर प्रश्नच नाही. कारण एकच, माणूस जेवत नाही. घास तोंडाजवळ जातो आणि थांबतो. नजर त्या खुर्चीवर.

उद्यापासून जेवण खोलीत, पलंगावर द्यायचं ठरवलं.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

ताट घेऊन खोलीत गेले तर ती खुर्ची पलंगाशी होती. मुलगा कारखान्यात, बाई अंघोळीला, आणि हेडसरांना उशी उचलवत नाही.

मी खुर्ची परत नेऊन ठेवली. बसण्याची जागा कोमट होती. ऊन आलं असेल. पण ना त्या खोलीत ऊन येतं, ना या भिंतीला.

१८ फेब्रुवारी, शनिवार

कपड्यांच्या घड्या घालता घालता आज बाईंनी सगळं सांगितलं. लिहितानासुद्धा माझ्या डोक्यात तिडीक जातेय.

सुनेला लहानपणापासून साखर होती. स्वतःची सुई स्वतः घ्यायची, कुणाला त्रास नाही. लग्नाआधी सगळं सांगूनच घरात आली होती. सुई घेतल्यावर मला लगेच खावं लागतं, असं तिने सासऱ्याला वारंवार सांगितलं. ते म्हणायचे, घराला नियम असतात. मग ती आधी गुपचूप बिस्किटं खायची, तर यांनी तिचा डबा सगळ्यांदेखत कचऱ्यात रिकामा केला.

तो रविवार होता. पुरवणीत यांचा लेख आला होता, शिस्तीवरच. सगळा मोठ्याने वाचला. तिला घाम फुटला. हात थरथरायला लागले. थोडी साखर घेऊ का, असं तिने विचारलं. यांनी बोट वर करून तिला थांबवलं. मग ती भलतंच बोलायला लागली, उगाच हसली, चमचा हातातून पडला. "ही नाटकं माझ्या टेबलावर नकोत," म्हणाले आणि पुढचा परिच्छेद वाचायला घेतला. तिने टेबलावर डोकं टेकलं. साखरेचं भांडं तिच्या हाताशी होतं. नवरा ताटाकडे बघत बसला. बाई बसून राहिल्या. कुणी उठलं नाही, कारण ते उठले नव्हते.

लेख संपला तेव्हा ती संपली होती.

आणि हाच माणूस माझ्या एका शब्दासरशी पेपरची घडी करतो! स्वतःच्या साखरेसाठी नियम मोडायला याला एक दिवस लागला नाही. पोरीचा जीव चालला होता तेव्हा कुठे गेली होती ही अक्कल?

मी त्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिले आणि मोठ्याने बोलले. म्हटलं, बाळ, मी तुझ्या जागी असते तर यांनाही असंच ताटावर बसवून ठेवलं असतं, आणि साखरेला हात लावला नसता.

बोलून बरं वाटलं.

१९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी भिंतीपाशी खुर्ची नव्हती. टेबलाशी होती. हेडसरांच्या जागेवर.

खोलीत जेवायला हेडसर तयार नव्हतेच; ते दुसऱ्या खुर्चीवर बसले. मुलाने पहिल्यांदाच मान वर केली.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

सुई आधी न देता जेवणानंतर द्यायची असं डॉक्टरीणबाईंशी बोलून ठरवलं. पण ते जेवतच नाहीत. दोन घास पोटात गेले तर गेले. सुई दिली तर साखर खड्ड्यात, न दिली तर डोंगरावर. पुन्हा तहान, पुन्हा बाथरूमच्या वाऱ्या. जखम चिघळलीय.

मी नर्स आहे. राग माझा मला, पण पेशंट माझ्या हातात मरता कामा नये. हे आज मुद्दाम लिहून ठेवतेय.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

भरवायला घेतलं. चमचा त्यांच्या ओठांपर्यंत नेला आणि माझा हात थांबला. त्यांनी तोंड उघडलं होतं. माझाच हात —

कुणी धरला नव्हता. नुसता पुढे जाईना.

हेडसर रडले. ती बसत नाही, म्हणाले. ती बसल्याशिवाय कसं जेवायचं?

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

ग्लुकोजचे पुडे टेबलावर सांडलेले. सगळे फोडलेले. फक्त काचेचं भांडं जागेवर, काठोकाठ भरलेलं. मी भरलं नाही. बाईंनी भरलं नाही.

खुर्चीला म्हटलं, मी रागाने बोलले होते गं. ते मनावर घेऊ नकोस.

खुर्ची कोमट होती.

२५ फेब्रुवारी, शनिवार

हेडसरांच्या श्वासाला सडक्या फळांचा वास यायला लागलाय. दोनदा उलटी. साखर मीटरला मोजता येत नाही. डॉक्टरीणबाईंना फोन केला. उद्याची वाट बघू नका म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता हलवा. गाडी बोलावली. गाडी आली, पण हेडसर टेबलाशी बसलेले आणि उठवेनात. ड्रायव्हर, मुलगा, मी, तिघांनी ओढलं. खुर्चीसकट जमिनीत रुतल्यासारखे. ड्रायव्हर घाबरून पळाला.

डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं तशी सुई दिली, सलाईन तिथेच लावलं. आता साखर उतरतेय. उतरली की खायला द्यावं लागेल. तोंडाने, कारण ग्लुकोजचं सलाईन घरात नाही.

२६ फेब्रुवारी, रविवार

टेबलाशी बसूनच लिहितेय. सकाळी पुन्हा सुई द्यावी लागली. दुसरी गाडी निघालीय, या खेपेला डॉक्टरीणबाई स्वतः येतायत. तोवर चार घास पोटात गेले पाहिजेत.

मला एक सुचलं. ती बसल्याशिवाय जेवता येत नाही ना? मग तिला बसवू. पाचवं ताट वाढलं. बाईंनी तिच्यासाठी भात वाढला, मुलाने पाणी ओतलं. मी म्हटलं, ये बाळ, बस.

खुर्ची ओढल्याचा आवाज आला. सगळ्यांनी ऐकला.

बसली.

हेडसरांनी घास उचलला —

ठेवला. तिने अजून घेतला नाही. ती नुसती बसलीय. पहिला घास तिचा —

पेपर उघडला. तिच्या ताटासमोर, आपोआप. उभा धरल्यासारखा.

हेडसरांचा शर्ट भिजलाय. हात थरथरतायत. ओठ पांढरे. वर्गाची हजेरी घेतायत, नावं चुकतायत, मधेच हसतायत. सलाईनची बाटली रिकामी झालीय. साखरेचं भांडं माझ्या हाताशी आहे. हात उठत नाही. लिहिण्यापुरता चालतो, भांड्याकडे वळवला की —

मीच म्हटलं होतं. हात लावला नसता, मीच —

बाहेर हॉर्न. डॉक्टरीणबाई दार वाजवतायत. बाईंना उठता येत नाही. मला येत नाही.

मुलगा उठायचा प्रयत्नच करत नाहीये. त्याला ओरडून म्हटलं, अरे, वडील आहेत तुझे. त्याने मान वर केली. म्हणाला, "वाचू दे तिला, सिस्टर."

हेडसरांनी टेबलावर डोकं टेकलं. अजून श्वास आहे. अजून वेळ आहे, नुसता एक चमचा, नुसता —

पान उलटलं.

सावकाश वाचतेय. शेवटचं पान. दार तोडतायत बहुतेक. पोरी, संपव गं आता, घास घे —

पेपर मिटला. घडी केली. ताटाकडे हात —

नाही. पुरवणी उघडतेय, आज रविवार, पुरवणी —