करवलीची खुर्ची

विश्रामबाग, सांगली
१२ नोव्हेंबर

सौ. मनुबाईंना नमस्कार.

आमच्याकडे सगळे कुशल, असं लिहायची रीत आहे. तसं नाही, म्हणून लिहिते आहे. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही.

मल्हारच्या लग्नाची पत्रिका मिळाली. क्रांतीला चार दिवस आधी कुंडलला पाठवा म्हणता. भावाची करवली, हळदीपासून वरातीपर्यंत तिचा मान. वर टोमणा: "आमच्याकडं पोर हसती-खेळती असती, तुमच्याकडं गेली की अंथरूण धरती. काय करता वो तिला?"

मीही तेच म्हणत होते, तुमच्याबद्दल. तुमच्याकडच्या जत्रेहून परतली की दोन दिवसांत आडवी. घसा दुखतो, उजेड सोसत नाही, बोलता बोलता साधा शब्द सापडत नाही. मला वाटायचं, माहेरचे शिकवून पाठवतात. माझ्या जयराजला म्हटलंही, "तुझ्या बायकोचं दुखणं सोयीनं येतं." ती तेव्हा दाराआड होती का, हे मी विचारलेलं नाही.

मग गौरी आल्या. पुरणपोळ्या तिनं इथे लाटल्या, हसत. विसर्जनानंतर तुमच्याकडे गेली आणि तिथे कोसळली. तुमचा भांडायला फोन आला, तेव्हा माझ्या लक्षात आलं. ती पडते एका घरात, राबलेली असते आधीच्या घरात.

डॉक्टरांना विचारलं. गेल्या वर्षीच्या तापानंतर जडलेला हा थकव्याचा आजार. आपण दमतो, झोपून उठलो की संपलं. हिचा त्रास उशिरा उसळतो आणि झोपेनं जात नाही. असंच रेटलं तर कायमची अंथरुणाला खिळेल, म्हणाले.

ती म्हणते, "आई, मल्हारचं लग्न एकदाच. पडले तर पडले." तिचंही मी ऐकणार नाही.

मांडवात ती टवटवीत दिसेल. तुमच्या जावा म्हणतील, "हिला काय धाड भरलीय?" त्या चेहऱ्यावर विसंबू नका. मी कुणाच्याच चेहऱ्यावर विसंबत नाही, तुमच्याही नाही.

लग्नाच्या सकाळी आम्ही तिला गाडीतून आणू. मंगलाष्टकांना करवली बसून राहील. तुमचे दीर नानासो रीतभात काढतील, त्यांना माझ्याकडे पाठवा. खुर्ची मी इथूनच आणते आहे. तुमची ऐनवेळी एखाद्या पाहुण्याला जाईल.

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी फोन करा. तिनं स्वतः उचलला, तर आपल्या दोघींचं भांडण मिटलं.

अजून पुरता विश्वास न बसलेली,
तुमच्या लेकीची सासू,
मृणालिनी