बियाण्याची शंभर पोती

३० जानेवारी, सोमवार

ढाल उतरली! फोनवरच्या किल्ल्यांच्या खेळात नवख्यांना मिळते ती पहिल्या आठवड्याची ढाल आज सकाळी संपली, आणि न्याहारीच्या आत कुणीतरी माझं निम्मं लाकूड उचलून नेलं. फोनमध्ये हल्ल्याचं शिंग वाजलं तेव्हा मी दलिया ढवळत होते. लाकूड गेलं, दलियाही करपला.

शाळेतल्या कामावरून आल्यावर खालच्या मजल्यावर आर्वींकडे तक्रार घेऊन गेले. अठ्ठ्याहत्तरीचा माणूस, पण या खेळाच्या राज्यात त्यांच्या किल्ल्याला बोट लावायची कुणाची हिंमत नाही. हसायलाच लागले! "बाई, तू आधी बराकी बांधल्यास ना? सगळे नवखे तेच करतात. सैनिक दिसले की छाती फुगते. आधी कोठार, मग विहीर, मग भिंत. सैन्य सगळ्यात शेवटी."

"मग तोवर लढू कशी?"

"लढायचंच नाही. लुटायचं. शेजाऱ्यांची धुराडी बघत जा. मालकानं दिवसभर खेळ उघडला नाही की त्याचा धूर थांबतो. धूर नाही तिथे मालक नाही. बेलाशक शिर. फक्त बियाण्याची शंभर पोती सोडायची. ती नेलीस की पेरायला काही उरत नाही. मग माणूस परत आला तरी खेळात जीव रमत नाही, सोडून जातो."

"असा नियम आहे खेळात?"

"नाही. माझा आहे."

१ फेब्रुवारी, बुधवार

आर्वींकडे कॉफी. रासबेरीचा ठिपका असलेले ते फेब्रुवारीतले छोटे केक त्यांनी मुद्दाम आणून ठेवले होते. पायाने ढकलायच्या घसरगाडीवरून आणले, या बर्फात! या वयात! मी ओरडले तर म्हणाले, "गाडी पडत नाही, माणूस पडतो." त्या गाडीवरचा बर्फ ते रोज सकाळी झटकतात, कुठे जायचं नसलं तरी.

रविवारी नवख्यांची स्पर्धा आहे. ज्याचं कोठार काठोकाठ, त्याच्या किल्ल्यात ड्रॅगनचं अंडं फुटतं. "यंदाचं अंडं तुझं, रायली. मी बघतो कसं मिळत नाही ते." एकसष्ट वर्षांत कुणी माझ्यासाठी एवढी कंबर कसली नव्हती. या इमारतीत लोक लिफ्टमध्ये बुटांकडे बघत उभे राहतात. एकमेकांच्या घरात बसणारे आम्ही दोघंच.

२ फेब्रुवारी, गुरुवार

गुरुवार म्हणजे शाळेच्या स्वयंपाकघरात वाटाण्याचं सूप आणि पॅनकेक. पाय गेले कामातून.

घरी येऊन जरा खेळ उघडला, तोच बाथरूमच्या पाइपातून टक टक. थांबून पुन्हा टक टक. तळमजल्यावरची हिल्का! माझ्या फोनमधल्या शिंगाचा त्रास झाला असणार. सांगायला वर येईल तर शपथ. आधी पाइप ठोकायचा, मग खाली फलकावर चिठ्ठी लावायची. मेल्याहून मेल्यासारखं झालं. आवाज बंद केला, लोकरीचे मोजे चढवले, चोरासारखी चालले. तरी ठोकत होती! किती तो राग एखाद्या बाईला!

३ फेब्रुवारी, शुक्रवार

आर्वींच्या किल्ल्याचा धूर थांबलाय.

टॅम्पेरेला लेकीकडे गेले असणार. हेन्ना केव्हाची बोलावत होती. मला न सांगता गेले याचं जरा लागलं, पण मी कोण लागते त्यांची? दार वाजवून बघावं असं एकदा मनात आलं. पण माणूस घरात असून त्याला कुणी नको असेल तर? उगाच कशाला!

मग नकाशा उघडला. त्यांनीच माझा किल्ला त्यांच्या किल्ल्याशेजारी वसवून दिलाय. भिंतीपलीकडे गव्हाचे ढीग. धूर नाही तिथे मालक नाही, हे त्यांचंच वाक्य. शिरले! शंभर पोती सोडली, बाकी सगळं आणलं. टॅम्पेरेला त्यांच्या खिशात शिंग वाजेल आणि ते हसतील, अशी कल्पना करून मीच हसले.

संध्याकाळी इमारतीच्या सौनात, तळाच्या वाफेच्या खोलीत. शुक्रवारी सहा ते सात आर्वींची पाळी, माझी मंगळवारी. त्यांची जागा रिकामी, भट्टी तापलेली. वाया का घालवायची? एकटी पाय पसरून बसले. आठवड्यात दोनदा सौना, चैन आहे!

पाइपाचा आवाज आज एकदाच आला, तोही दमल्यासारखा. हिल्काचा राग उतरला वाटतं.

४ फेब्रुवारी, शनिवार

कोठार जवळजवळ भरलं. थोडंसंच कमी पडतंय. दुसऱ्या दोन किल्ल्यांवर गेले, मार खाऊन परत आले. आर्वींकडे ती शंभर पोती तशीच आहेत.

नेली. आल्यावर सांगेन त्यांना. उद्याच्यानंतर परत करायचीही काहीतरी सोय असेलच.

शनिवार, तेच पान

लिहून टाकते.

दुपारी कचरा टाकायला खाली गेले. इमारतीच्या दाराशी आर्वींची घसरगाडी, दांड्यापर्यंत बर्फात बुडालेली. लेकीकडे जाताना ते ती तळघरात ठेवतात. दर वेळी ठेवतात! मला माहीत आहे ते! बर्फ तर गुरुवारपासून पडतोय.

जिना चढले, घंटी वाजवली. काही नाही. गुडघ्यावर बसून दारातल्या पत्रांच्या फटीतून हाक मारली, "आर्वी!"

आतून, खूप लांबून आल्यासारखं — "रायली? किती वेळ ठोकतोय..."

पुढचं तुकड्यातुकड्यांत आठवतंय. इमारतीचा देखभालवाला इल्पो चावी घेऊन धावत आला. आर्वी बाथरूमच्या दारात पडलेले. खुब्याचं हाड मोडलेलं. बुधवारी संध्याकाळपासून! कमोडशेजारचा हातशॉवर तेवढा हाताला लागत होता, म्हणून पाणी मिळालं. बाजूला बुटात पाय घालायचा लोखंडी चमचा. त्यानेच पाइप ठोकत होते.

हिल्का नव्हती. हिल्का कधीच नव्हती. ते मला हाक मारत होते आणि मी मोजे घातले.

इल्पो म्हणाला, "रायलीबाई, तुम्ही होतात म्हणून वाचले." मी होते म्हणून! त्याच्या तोंडाकडे बघवेना.

५ फेब्रुवारी, रविवार

अंडं फुटलं. हिरवं पिल्लू आहे, नाव काय ठेवायचं म्हणून विचारतंय. फोन पालथा घातला.

७ फेब्रुवारी, मंगळवार

सौनाला गेले नाही.

हेन्नाचा फोन आला. शस्त्रक्रिया नीट झाली. "बाबांचा फोन घरी राहिलाय, नेऊन द्याल का? तुम्हाला किती त्रास देतोय आम्ही." आवाज रडवेला. मला आभार नकोत गं, बाई.

इल्पोने दार उघडून दिलं. फोन त्यांच्या स्वयंपाकघरात टेबलावर होता. चार्जरला लावलेला, चालू. बाथरूमच्या दारापासून तीन पावलं. म्हणजे शिंग वाजलं असणार. दोन्ही वेळा. ते जमिनीवर पडलेले असताना.

पडद्यावरच दिसत होतं: किल्ल्यावर हल्ला, लुटारू रायली. खाली पुन्हा तेच. बोटाने सरकवलं की ओळ पुसली जाते. बोट ठेवलं होतं. खोटं कशाला लिहू, बराच वेळ ठेवलं होतं. पुसलं नाही. यात मोठेपणा काही नाही. एवढं करून आणखी हेही केलं असतं तर स्वतःशी बोलायचीही सोय राहिली नसती.

८ फेब्रुवारी, बुधवार

इस्पितळ. आर्वींचा चेहरा एवढासा झालाय. जीभ मात्र शाबूत.

"पाइप ठोकला तर तू आणखीच गप्प झालीस! पडल्या पडल्या म्हटलं, ही बाई आता श्वाससुद्धा बंद करेल."

"मला वाटलं, हिल्का..."

"ठाऊक आहे. मीही तेच केलं असतं." मग छताकडे बघत म्हणाले, "आत टेबलावर शिंग वाजत होतं. म्हटलं, चला, कुणीतरी आलंय. हात पोचेना. कोण होतं कुणास ठाऊक."

सांगायची हीच वेळ होती. तोंड उघडलंही. मग फोन त्यांच्या हातात दिला आणि बस पकडायची आहे म्हणून पळाले. बस यायला अर्धा तास होता. थांब्यावर उभी राहून रडले.

१२ फेब्रुवारी, रविवार

रोज त्यांचं धुराडं बघते. धूर नाही.

हेन्ना म्हणाली, बाबा धड जेवत नाहीत, व्यायामाला उठत नाहीत. फोन कपाटात टाकून दिलाय. "घरी जायचंच नाही म्हणतात. वृद्धाश्रमाचं बघ म्हणाले मला. बाबा! असं कधी बोलले नव्हते हो."

कपाटात टाकण्याआधी उघडला असेल. माझं नाव वाचलं असेल. गहू परत पाठवायला जागाच नाही या खेळात, सगळं शोधून झालं. त्यात फक्त नेता येतं.

पेरायला काही उरलं नाही की माणूस सोडून जातो. त्यांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, आणि मी पोती मोजून नेली.

१५ फेब्रुवारी, बुधवार

गेले आणि सांगितलं. बसलेसुद्धा नाही, कोट घालूनच. "तुमचा किल्ला मी लुटला. दोन्ही वेळा मीच. बियाणंही नेलं. शुक्रवारी तुमच्या सौनात बसले, तुम्ही खाली पडलेले असताना."

त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. एवढंच म्हणाले, "सौनासुद्धा?"

मग परिचारिका आली.

१९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी दलिया ढवळत होते. शिंग वाजलं! गहू, लाकूड, दगड, सगळं साफ. पिल्लाचा चारासुद्धा सोडला नाही मेल्याने! कोठारात बियाण्याची तेवढी शंभर पोती आहेत. शेजारच्या किल्ल्याच्या धुराड्यातून धूर येतोय.