काशाचे डावे पाऊल

९ ऑगस्ट

बसले नाही! काशाच्या डाव्या पावलाची प्लास्टरची प्रतिकृती आज चौथऱ्याच्या खळग्यात ठेवून पाहिली. तळव्याखालचे शिसे खळग्याहून बोटभर रुंद. पाऊल आणि हा दगडी चौथरा उत्खननात एकाच खड्ड्यात सापडले. म्हणून पुतळा याच दगडात शिसे ओतून रोवला होता, असे मी लिहून बसले. सारा प्रबंध त्या एका वाक्यावर उभा आहे.

मुकादम स्तामातिस सगळ्यांदेखत म्हणाला, "पोरी, तुझ्या वीराला बूट लहान पडला की गं!" सगळे हसले. मीही हसले — त्याचीच अधिक लाज वाटते.

१० ऑगस्ट

उत्खननप्रमुख पोलिक्सेनीबाई म्हणाल्या, "ते प्रकरण काढून टाक. उरेल ते सप्टेंबरात बघू."

काहीच उरत नाही, बाई! — हे मनात. तोंडातून फक्त "हो."

पानाघियाच्या, म्हणजे मेरीमातेच्या, पंधरा तारखेच्या सणाआधी दगड संग्रहालयाच्या अंगणात सिमेंटमध्ये बसवणार आहेत.

११ ऑगस्ट

जेवले नाही. वाचलेही नाही.

१३ ऑगस्ट

मावशीने भविष्य पाहायला माझा कॉफीचा कप बशीत उपडा केला. "गाळात नवरा दिसतो का बघू. पुस्तकांतून तर निघत नाही!"

मी कपाच्या बुडाकडे पाहत राहिले. आता तेच वर आले होते.

दगडही उपडा केला असेल तर? जुना पुतळा उपटायचा, दगड उलटायचा, कोऱ्या बाजूवर नव्या पुतळ्यासाठी खळगे कोरायचे — प्राचीन लोक असे करत, हे मी वाचले आहे, टिपणे काढली आहेत! खालच्या बाजूवर चुन्याचा थर आहे. तो कुणी खरवडलाच नाही. उद्या ती बाजू कायमची सिमेंटखाली जाणार.

म्हणजे मला बोलावे लागेल. सगळ्यांसमोर. देवा!

१४ ऑगस्ट

दगड क्रेनला लटकत होता. मी "थांबा" म्हटले. कुणाला ऐकू गेले नाही. मग किंचाळले.

"लेमोनिया! काय झालं?"

"बाई, तो उलटा आहे. खालची बाजू बघू द्या. एकदाच."

स्तामातिस करवादला, "सणाच्या तोंडावर माझी कंबर मोडणार ही!" — पण दगड उलटवला. चुना खरवडायला बाई स्वतः बसल्या. दोन पावलांचे खळगे निघाले. डाव्यात प्रतिकृती ठेवली.

बसली.

१५ ऑगस्ट

सारे गाव चर्चमध्ये. अंगणात बाई आणि मी. उरलेला चुना काढताना उजव्या पावलाशेजारी आणखी एक खळगा लागला — माझ्या तळहाताहून लहान. पाची बोटांसकट.

प्रबंधभर मी त्याला एकटा वीर म्हटले आहे. त्याच्या शेजारी एक मूल उभे होते.