नागपुरात नव्व्याण्णव

गुरुजी, नागपुरात पाणी शंभर अंशांवर उकळत नाही, हे तुम्ही मला दाखवलंत तेव्हा मी बी.एस्सी. होतो आणि तुम्ही जुने मॅट्रिक. माणूस चंद्रावर उतरला त्या वर्षी मी आपल्या शाळेत रुजू झालो. पहिल्याच महिन्यात हेडमास्तरांनी मला तुमच्या सातवीच्या वर्गात मागे बसून पाहायला सांगितलं, आणि मला त्याचा राग आला होता. तुम्ही स्टोव्हवर पातेलं ठेवता, थर्मामीटर दोरीनं टांगता आणि एकेका पोराला बोलावता. आकडा पाहायचा, चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठी मुठीत ठेवायची. "पायलेलं लिहा. पुस्तकातलं मले पाठ आहे." चिठ्ठ्या उघडल्या, तर बहुतेकांत नव्व्याण्णव. "आता सांगा, पुस्तक खोटं का तुमचे डोळे खोटे?" एवढं विचारून तुम्ही फळा पुसलात आणि आठ दिवस उत्तर दिलं नाहीत. मग वर्गाला इतवारी स्टेशनवर नेलंत आणि पिवळ्या पाटीवरची समुद्रसपाटीपासूनची उंची वाचायला लावलीत. "आपण इतके वर बसलो आहो. वर हवेचं वझं कमी, म्हणून पाण्याले लवकर उकळी येते." पोरं पाटीकडे पाहत राहिली. मीही. हे मला कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं असं नाही. सांगितलं होतं. पण ते नागपूरबद्दल आहे, हे मला कळलं नव्हतं.

पुढच्या वर्षी सातवी माझ्याकडे आली. मी तुमचाच पाठ केला, चिठ्ठ्यांसकट, स्टेशनासकट. त्या वर्गात एका गिरणी कामगाराची मुलगी होती. आकडा वाचताना ती खाली गुडघ्यावर बसली, डोळा पाऱ्याच्या रेषेत यावा म्हणून. तसं बसायला मी कोणाला शिकवलं नव्हतं. हिवाळ्यात शाळेची तपासणी लागली. हेडमास्तर म्हणाले, तपासणीला येणारे साहेब जुन्या वळणाचे आहेत, पुस्तकात आहे तेच येऊ द्या. मी वर्गाची तयारी करून घेतली. हात सगळ्यांनी वर करायचा. उत्तर येत असेल त्यानं उजवा, नसेल त्यानं डावा. आणि पाण्याचं विचारलं तर शंभर. "पण सर, आपण तर नव्व्याण्णव पायलं," ती म्हणाली. मी म्हणालो, "उद्यापुरतं शंभर."

साहेबांनी पाण्याचंच विचारलं. तिचा उजवा हात वर होता. ती उभी राहिली आणि म्हणाली, "नागपुरात नव्व्याण्णव." साहेबांनी विचारलं, "आणि मुंबईत?" "शंभर." "म्हणजे नागपूरच्या पाण्याला घाई आहे म्हणायची." वर्ग हसला. स्टेशनवर जाऊन पाटी वाचलेला वर्ग हसला. साहेब माझ्याकडे पाहू लागले. मागच्या बाकावर तुम्ही बसला होतात, तुमच्याकडे मी पाहिलं नाही. मी म्हणालो, "साहेब, तिची नजर जरा अधू आहे. थर्मामीटर नीट दिसत नाही." साहेबांनी मान हलवली. पालकांना कळवा, म्हणाले. ती उभीच होती. तिला बस म्हणायचं मला सुचलं नाही.

मधल्या सुटीत तुम्ही नळाजवळ मला गाठलंत.

"तुले माहीत होतं ना गा?"

"हो."

"मंग काहून?"

"नोकरी पक्की व्हायची आहे, गुरुजी."

"नोकरी होईन पक्की. त्या पोरीचं काय?" तुम्ही हात धुतलेत, धोतराच्या सोग्याला पुसलेत. "उद्या वर्गात सांगून दे, का पोरगी बरोबर होती अन् मास्तर घाबरला. तितकंच."

मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. बापानं गिरणीतली पाळी बुडवून तिला सरकारी दवाखान्यात डोळे दाखवायला नेलं होतं. तिसऱ्या दिवशी ती टेबलाशी येऊन उभी राहिली. "सर, डॉक्टर म्हणे डोळे चांगले आहेत. मंग मले काहून चुकीचं दिसलं?" वर्ग ऐकत होता. सांगायला याहून सोपी वेळ आली नसती. मी म्हणालो, "होतं असं कधी कधी. बस." ती बसली. त्यानंतर वर्षभर कोणताही प्रयोग असो, ती आधी शेजारणीच्या वहीत पाही आणि मग लिही. तिचा एकही आकडा चुकला नाही.

तुम्ही निवृत्त झालात, मग आजारी पडलात. मी भेटायला आलो तेव्हा तुम्हाला बोलायला त्रास होत होता, तरी विचारलंत, "सांगतलं होतं का रे त्या पोरीले?" मी हो म्हणालो. "मंग काय म्हणे?" मी म्हणालो, हसली. तुम्हीही हसलात. महिन्याभरानं तुम्ही गेलात.

आता मला शिक्षकांच्या शिबिरांना बोलावतात. मुलांना विज्ञान कसं रंगवून शिकवावं, हे मी सांगतो. पातेलं, चिठ्ठ्या, पिवळी पाटी, सगळं सांगतो. तुमचं नाव घेतो. साहेबांचा प्रसंगही सांगतो. त्यात साहेब हसतात, मी पुढे होतो आणि म्हणतो, साहेब, मुलगी बरोबर आहे. इथे नेहमी टाळ्या पडतात. पहिल्यांदा मला धक्का बसला होता. आता मी त्यांच्यासाठी थांबतो.

मागच्या महिन्यात ती मला जरीपटक्याच्या बाजारात भेटली. तिनंच ओळखलं. भर गर्दीत वाकून पाया पडली आणि सोबतच्या मुलीला म्हणाली, "पाया पड वं, माझे सर आहेत. लय चांगलं शिकवायचे. मलेच विज्ञान जमलं नाही." कोथिंबिरीच्या जुड्या तिच्या हातात होत्या. मला काही घाई नव्हती, गुरुजी. तिलाही नव्हती. मी तिच्या मुलीला विचारलं, कितवीत आहेस.