घाटावरची सुनीता

बुधवार, दिवेआगर. दिवेलागण झाली.

नातीला, केतकीला बजावलंय, मी सांगेन तसंच लिही, आजीची चूक झाकू नको.

माझ्यासारख्या निरक्षरांचं बोलणं फोनला कळावं म्हणून हिने सॉफ्टवेअर काढलंय. ओपन सोर्स, म्हणजे कुणीही यावं, फुकट वापरावं, आपली भर घालावी. आम्ही बायका त्याला आपापल्या बोलीतले शब्द ऐकवतो. आज कॉलवर बीडची सुनीता पहिल्यांदाच बोलली, "नारळाचं झाड." मी लगेच, "अगो, माड म्हण! घाटावरची ती घाटावरचीच!" सगळ्या हसल्या. सुनीता कॉल सोडून गेली ती गेलीच.

केतकी म्हणाली, "आजी, तिचाच शब्द हवा होता गो. तुझा माड आहेच की."

खरंच, माड काय पळून चालला होता? पहिल्या दिवशी मी फोन उलटा धरून बोलत बसले, तेव्हा हसलं का कुणी? मग माझीच जीभ का वळवळली?

सुनीताला आवाजी निरोप धाडला, "बाई, चुकले मी. परत ये." तिने ऐकलाय म्हणे. उत्तर नाही.

उद्या कॉलवर तोंडच उघडणार नाही म्हटलं, तर केतकी म्हणते, "उघडायचं. सगळ्यांसमोर."

बरोबर आहे पोरीचं. थट्टा केली चारचौघींत, आणि माफी मागितली कानात.